घर उचलून आणणारे व्याही

सण देवांसाठी असतात, असा माझा पन्नाशीपर्यंत समज होता. मग आमच्या वत्सलेचे लग्न कर्जतला झाले आणि मला कळले की वर्षाचे सगळे सण, पाडव्यापासून शिमग्यापर्यंत झाडून सगळे, आमच्या व्याह्यांसाठी निर्माण झालेले आहेत. देव आपले त्यांच्या पंगतीचे आमंत्रण आले म्हणून येतात. मला या माणसाचा हेवा वाटत असे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याविषयी जे काही लिहीन त्यात तो डोकावणारच, आणि वाचकाने मला पकडण्यापेक्षा मी आपणहून कबूल झालेले बरे. मी खालापुरास शाळामास्तर होतो. अठ्ठावीस वर्षे पोरांकडून पाढे पाठ करून घेतले, त्यांच्या अक्षराला वळण लावले, कोणाचे वाईट चिंतले नाही, आणि त्या अठ्ठावीस वर्षांत माझ्या घरी कोणी उगाच म्हणून आले नाही. जो आला तो दाखला मागायला. सणाच्या दिवशी आमच्याकडे तीन पाने मांडली जात: माझे, आमच्या हिचे आणि वत्सलेचे. वत्सला एकुलती एक. ती सासरी गेल्यावर दोन पाने उरली, आणि ती जिथे गेली तिथे सणाला चाळीस पानांच्या खाली कधी पंगत बसली नाही.

व्याह्यांची कर्जतला स्टेशनाजवळ भाताची वखार होती. देह आडवा, डोक्याला नेहमी थोडीशी कललेली पगडी, धोतराचा एक सोगा खांद्यावर आणि दुसरा कुठे याचा पत्ता नाही. आवाज एवढा दांडगा की तो ऐकून गाडी सुटली असे समजून माणसे धावत सुटत. एरवी वर्षभर हा माणूस वखारीत पोत्यावर बसून जांभया देई. पण सण चार दिवसांवर आला की त्याच्या अंगात वारे शिरे. चुली किती, पातेली कोणाची, केळीची पाने कोणत्या वाडीतून, या विचारात त्यांना झोप लागत नसे आणि ते दुसऱ्याला लागू देत नसत. त्यातून जुन्या आणि नव्या पंचांगांचा वाद त्या काळी जोरात होता. कोणी म्हणे एकादशी आज, कोणी म्हणे उद्या. माझ्यासारखी माणसे तावातावाने एक बाजू घेत. व्याह्यांनी कधी बाजू घेतली नाही. ते दोन्ही दिवशी सण करीत. मी एकदा त्यांना शास्त्राधार विचारला, तर म्हणाले, “मास्तर, आज आलेल्याला उद्या या असं कोणत्या शास्त्राच्या तोंडानं सांगू?” यावरचे उत्तर मला घरी परतताना वाटेत सुचले, तेही फारसे चांगले नव्हते.

कर्जतच्या स्टेशनावर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या बराच वेळ थांबत. पुढे घाट चढायचा म्हणून गाडीला मागून आणखी इंजिने जोडत, पाणी भरत, धुराने सगळे स्टेशन काळे करीत. हा वेळ रेल्वेने केवळ आपल्या सोयीसाठी ठेवला आहे अशी व्याह्यांची समजूत होती. सणाच्या दिवशी ते फलाटावर जात आणि एकेका खिडकीत डोकावत. कोणी एकटा दिसला, पाय पोटाशी घेऊन बसलेला, की झाले. “कुठवर? सोलापूर? अहो, तुम्ही घरी पोचेपर्यंत सण संपून पत्रावळी गोळा झालेल्या असतील. उतरा. जेवा. मागच्या गाडीनं जा.” माणूस गडबडून जाई, आणि तो सावरायच्या आत त्याची वळकटी व्याह्यांच्या काखेत असे. एका होळीला त्यांनी असा एक मद्रासकडचा गृहस्थ उतरवला. त्याला मराठीचे अक्षर येत नव्हते आणि व्याह्यांना दुसरे काही येत नव्हते. त्या बिचाऱ्याला वाटले, हे कोणी रेल्वेचे मोठे अधिकारी आहेत आणि आपल्या तिकिटात काही चूक निघाली आहे. तो मुकाट्याने मागे आला, मुकाट्याने पाटावर बसला आणि उजव्या हाताने जेवत डाव्या हातात तिकीट सर्वांना दिसेल असे धरून राहिला. आठव्या पुरणपोळीला त्याने ते खिशात घातले. तो तिसऱ्या दिवशी गेला. पुढे दर दिवाळीला त्याच्याकडून नारळांचे एक पार्सल येई, आत चिठ्ठी असे, आणि ती कर्जतात कोणालाही वाचता येत नसे. व्याही ती प्रत्येक पाहुण्याला वाचून दाखवीत.

आता एवढी माणसे जमवली की ती बसवायची कुठे हा प्रश्न आला. पूर्वी रीतीप्रमाणे कोण माजघरात, कोण ओसरीवर, कोण अंगणात हे ठरलेले असे. एका गौरीजेवणाला मात्र पावसाची सर आली. ठाकूरवाडीकडून म्हातारा चांगू ठाकूर नेहमीप्रमाणे गौरीसाठी तेरड्याचा भारा घेऊन आला होता, त्याच्याबरोबर त्याची माणसे होती, स्टेशनावरचे हमाल होते, आणि पाने भिजायला लागली. व्याह्यांनी सगळ्यांना पानांसकट ओसरीवर घेतले. पाऊस थांबला. कोणी तरी आठवण केली की आता खाली जायला हरकत नाही. व्याही म्हणाले, “परत पाऊस आला म्हणजे?” त्यानंतर त्या घरात वर्षाचे बाराही महिने पाऊस येण्याची भीती गृहीत धरली गेली आणि अंगणात पुन्हा कोणी बसले नाही. गावात यावरून कुजबुज झाली. चार सोवळी माणसे काही महिने त्यांच्याकडे आली नाहीत. मग दिवाळीच्या वासाने तीही आली.

या त्यांच्या उद्योगांत मला सर्वांत झोंबलेली गोष्ट सांगतो. नदीपलीकडचे गोमा आणि पांडू हे सख्खे भाऊ. शेताच्या बांधावरून सहा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. व्याह्यांनी शिमग्याला दोघांनाही एकमेकांना नकळत बोलावले आणि समोरासमोर बसवून दोघांच्या मध्ये एकच तुपाची वाटी ठेवली, ती पांडूच्या हाताशी. वाढप्यांना सक्त ताकीद होती की इथे तूप वाढायचे नाही. गोमाने दोन पोळ्या कोरड्या खाल्ल्या. तिसरी घशात अडकली तेव्हा तो छताकडे बघून म्हणाला, “तूप हाय का कुनाकडं?”

“हाय,” पांडूही छताकडेच बघत म्हणाला. “पन मागनाऱ्याला भाऊ हाय का नाय, त्याचा पत्ता नाय.”

“मागतोय ना रं.”

“मंग असं माज्याकडं बघून माग.”

गोमाने बघितले. पांडूने सगळी वाटी त्याच्या पानावर उपडी केली. मी त्याच पंगतीत चार पाने सोडून बसलो होतो. ‘एकीचे महत्त्व’ हा निबंध मी अठ्ठावीस वर्षे लिहून घेतला होता आणि माझ्या हाताखालून गेलेले किती तरी भाऊ बांधावर डोकी फोडून घेत होते. इथे एका वाटीभर तुपाने काम झाले. सर्वांनी व्याह्यांकडे कौतुकाने बघितले. मी वांग्याची भाजी मागून घेतली.

पण हे सगळे मी सहन केले असते. माणसाने चाळीस काय, चारशे पाने मांडावीत. माझे दुखणे निराळे होते. माझी मुलगी त्यांनी पळवली होती. सासरी मुलगी जायचीच, त्याला माझी तक्रार नव्हती; सासरी जाऊन तिने थोडे तरी कष्टी असावे, माहेरच्या वाटेकडे डोळे लावावेत, एवढीच माझी माफक अपेक्षा. ती पहिल्या नागपंचमीला आली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो होतो, कुठे कोमेजली आहे का म्हणून. ती चांगली गरगरीत झाली होती. जेवताना म्हणाली, “अण्णा, आमच्याकडे पातोळ्यांना हळदीची पानं कोवळी घेतात.” आमच्याकडे म्हणजे कर्जतला. मी घास गिळला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे झोपाळा असा बांधतात, आमच्याकडे फेर असा धरतात, मामंजी असं म्हणतात, मामंजी तसं हसतात. तिसऱ्या दिवशी ती ओसरीवर बसून कर्जतच्या रस्त्याकडे बघत होती. माहेरच्या वाटेकडे लावायचे डोळे तिने उलट्या बाजूला लावले होते. आमची हीदेखील त्यांतलीच. “व्याही म्हणजे देवमाणूस,” असे ती मला दर जेवणाला वाढत असे. माणसांचे एक असो, पण माझे बैलसुद्धा. गाडी चौक गावाकडे न्यायची असली तरी फाट्याशी आले की ते आपल्या मनाने कर्जतकडे वळत, कारण तिथे त्यांना सणाची पेंड मिळे.

दिवाळसण झाला, आणि त्यानंतर दिवाळीला वत्सला मला कधी मिळाली नाही. भाऊ असता तर भाऊबीजेला आणायला गेला असता, त्याचा हक्कच असतो. तिला भाऊ नव्हता, आणि बापाने कोणत्या तोंडाने हक्क सांगावा हे कोणत्याच पंचांगात दिलेले नाही. मी पत्र पाठवी. व्याह्यांचे उत्तर येई, “चि. सौ. वत्सलेस सण उरकताच पाठवितो. ती नसली तर दारात रांगोळी कोण काढणार?” माझ्या दारात कोण काढते, हे त्यांनी कधी विचारले नाही. सण उरकल्यावर ती येई, उरलेल्या फराळाचा डबा घेऊन. मला चार दिवस हवे होते. पहाटे ती न्हाऊन आलेली, ओल्या केसांची, माझ्या समोर बसून करंजी मोडते आहे, एवढे एकदा बघायचे होते. लग्नाला पाच वर्षे झाली तेव्हा मी ठरवले की सरळ मार्गाने हे होणे नाही.

मी आजारी पडायचे ठरवले. अठ्ठावीस वर्षे पोरांच्या पोटदुखीच्या चिठ्ठ्या वाचून मला या विषयात चांगली गती होती. पाटावर बसलो, लेखणी नीट करून घेतली आणि पत्र लिहिले: ज्वर हटत नाही, अन्नावर वासना नाही, वैद्य स्पष्ट काही बोलत नाहीत, चि. सौ. वत्सलेस दिवाळीचे चार दिवस धाडाल तर मनास उभारी येईल. दोन मसुदे फाडले, तिसरा साधला. आमची ही म्हणाली, “शोभतं का हे या वयाला?” मी म्हणालो की वयाला शोभेल असेच दुखणे निवडले आहे. पत्र माणसाबरोबर रवाना केले आणि डोक्याला फडके बांधून सराव सुरू केला.

धनत्रयोदशीच्या दुपारी दारात गाडी वाजली. मी चटकन पांघरुणात शिरलो आणि कण्हू लागलो. मग दुसरी गाडी वाजली. मग तिसरी. पहिल्या गाडीतून वत्सला, जावई आणि विहीणबाई उतरल्या. दुसरीतून दोन पितळी पातेली, सोऱ्या, कढया, पणत्यांची टोपली आणि फराळाचे नऊ डबे. तिसरीतून व्याही आणि कर्जतचे वैद्य. व्याह्यांचा आवाज अंगणातूनच घुमला, “मास्तर, अजिबात उठू नका. सणाच्या दिवशी दुखणाईत माणसाला एकटं टाकणारा मी नव्हे. आमच्या घराला कुलूप लावलंय. दिवाळी इथंच.”

वैद्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, डोळ्यांच्या पापण्या वर करून बघितल्या. त्यांना काही सापडेना, आणि काही सापडत नाही म्हणजे दुखणे खोल आहे असे त्यांनी निदान केले. चार दिवस पेज. मीठ बेताचे. सकाळ-संध्याकाळ काडेचिराइताचा काढा. डोक्यावरून पाणी नाही, वारा नाही, तळलेल्या पदार्थाचा वासदेखील शक्यतो नाही. वास टाळणे शक्य नव्हते, कारण विहीणबाईंनी कढई माझ्या खिडकीखालीच चढवली होती.

अशी ती दिवाळी. माझ्या घरात, माझ्या भिंतीपलीकडे. नरकचतुर्दशीला उटण्याचा वास आला, तांब्यांचे आवाज आले, वत्सला कुणाला तरी ओरडत होती की पाणी फार कढत आहे. मी घोंगडीत पेज प्यालो. आयुष्यात जी माणसे माझ्या दारावरून खाली मान घालून गेली ती त्या चार दिवसांत आत आली. मामलेदार कचेरीतले कारकून आले, शिंपी आला, ज्याला मी तीनदा नापास केले होते तो आपल्या बायकामुलांना घेऊन आला. व्याहीच रस्त्यावर उभे राहून त्यांना आत ढकलीत होते. “या, या. मास्तरांकडे दिवाळी आहे.” माझ्या घराला एवढे हसता येते हे मला माहीत नव्हते. मला त्या घराचासुद्धा हेवा वाटला. हीदेखील हसत होती, आणि काढा आणून देताना तर जास्तच हसत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळी मंडळी मागच्या अंगणात गेलेली बघून मी उठलो. पाय खरोखरीच लटपटत होते, दोन दिवस पेजेवर होतो. फडताळातला डबा उघडला, चकली काढली आणि परत पांघरुणात आलो. चकलीचा दोष असा की ती वाजते. मी ती तोंडात धरून नुसती भिजवत बसलो. तेवढ्यात दार ढकलून व्याही आत आले. ते खाटेशी बसले. माझ्याकडे बघितले, पांघरुणावर पडलेल्या चुऱ्याकडे बघितले. मी डोळे मिटले.

“मास्तर,” ते हळू आवाजात म्हणाले; त्यांना हळू आवाज आहे हे मला त्या दिवशी कळले, “भिजवून खाऊ नका. चकलीची मजा जाते. खुशाल वाजवा. कोणी आलं तर मी खातोय असं सांगेन.”

त्यांनी खिशातून दोन चकल्या काढल्या, एक मला दिली आणि एक आपण मोडली. माझी वाजली की ते आपली अधिक जोरात वाजवीत. असा आम्ही बराच वेळ फराळ केला. शेवटी मी विचारले, “तुम्हाला कधी कळलं?”

“पत्र उघडलं तेव्हाच. काय अक्षर. काय वेलांट्या. आजारी माणसाचा हात असा चालत नाही हो.”

अठ्ठावीस वर्षे जे दुसऱ्यांना शिकवले त्यानेच मला धरून दिले. मी म्हणालो, “मग वैद्य कशाला आणलेत?”

“तुम्ही एवढे कष्ट घेऊन आजारी पडलात. तुमचं मन मोडवेना.”

“आणि सगळं घर कशाला आणलंत? मी एकट्या वत्सलेला मागितलं होतं.”

त्यांनी पगडी काढली, मांडीवर ठेवली, तिच्यावरचा चुरा झाडला. “ती एकटी इकडे आली असती तर तिकडे मी काय करणार होतो? म्हणून घरच उचलून आणलं.” मग उठले आणि बाहेर जाऊन नेहमीच्या आवाजात ओरडले की मास्तरांना उतार पडला, पान वाढा. त्या दिवशी मी वत्सलेसमोर बसून जेवलो. तिने करंजी मोडून माझ्या पानात ठेवली. केस ओले नव्हते, पण बाकी सगळे तसेच होते.

मला वाटले होते की यानंतर माझा हेवा निवेल. तो निवला नाही. उलट आता त्याला चांगल्यापैकी कारण मिळाले. पुढची दिवाळी पुन्हा कर्जतला झाली आणि आम्ही दोघे बैलांच्या मर्जीने तिकडे गेलो. पंगतीत व्याही प्रत्येकाला माझी ओळख करून देत, “हे आमचे व्याही. आजारी पडावं तर यांनी.” अशी पाच-सहा वर्षे गेली.

मग एका श्रावणात व्याही वारले. पोत्यावर बसले होते, जांभई दिली आणि कलले. नारळी पौर्णिमेला चार दिवस होते आणि पातेली मागवून झाली होती. ती तशीच परत गेली.

मयताच्या वर्षी घरात सण करीत नाहीत, कढई चढत नाही. त्या दिवाळीला जावई स्वतः वत्सलेला खालापुरास आणून पोचवून गेले. “आमच्याकडे यंदा काही नाही,” एवढेच ते म्हणाले. म्हणजे जे मी पत्राने, दुखण्याने, काढा पिऊन मागितले होते ते न मागता माझ्या दारात येऊन उतरले. चारही दिवस पूर्ण. नरकचतुर्दशीला वत्सला पहाटे न्हाली, ओल्या केसांनी माझ्या समोर बसली आणि करंजी हातात धरून बसून राहिली. तिने ती मोडली नाही. आम्ही तिघे होतो, तीन पाने होती, सगळे पूर्वीसारखे होते, आणि घर मला गिळायला आले. भाऊबीजेला सकाळी मी हिला म्हटले, टोपली भर. ज्यांच्या घरी कढई चढत नाही त्यांच्याकडे सोयऱ्यांनी फराळ नेऊन द्यायचा ही रीतच आहे. खरे सांगायचे तर मनात आणखी एक विचार होता. एवढी वर्षे त्या घरातून आमच्याकडे डबे आले. आता एकदा तरी त्या घराला माझ्या टोपलीची गरज होती. गाडी जुंपली, वत्सलेला बरोबर घेतले. फाट्याशी बैल आपणहून वळले.

कर्जतला पोचलो तो उन्हे वर आली होती. मी गाडीतून आधी उतरलो, टोपली घेतली आणि ओसरीकडे गेलो. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. डबे होते, परड्या होत्या, फडक्यात बांधलेले लाडू होते. रेल्वेच्या चाळीतल्या गोवेकर गार्डाकडून केक आला होता. व्याही दर ईदेला ज्याच्याकडे शेवया खायला जात त्या टांगेवाल्याने मोठे ताट झाकून ठेवले होते. गोमा आणि पांडू दोघे मिळून एक तुपाचा डबा घेऊन आले होते आणि तो कुठे ठेवायचा यावर त्यांचे हळू आवाजात भांडण चालले होते. मद्रासचे नारळ होते, वर न वाचलेली चिठ्ठी. चांगू ठाकूर मधाचे गाडगे पुढ्यात घेऊन पायरीशी बसला होता. मला बघून म्हणाला, “तुमीच ना ते मास्तर? आजारी पडलेले? मालक लई सांगायचं तुमचं. सांगता सांगता आपलंच हसायचं आन मंग गप व्हायचं.”

विहीणबाई माजघराच्या दारात आल्या. कपाळाकडे बघवेना, म्हणून मी टोपलीकडे बघत काही तरी बोललो: यंदा वत्सला चारही दिवस आमच्याकडे राहिली, ते असते तर त्यांनी सोडली नसती.

“नसतीच सोडली,” त्या म्हणाल्या. “वत्सला तुमच्याकडे निघाली की गाडी दिसेनाशी होईपर्यंत इथे उभे राहायचे. मग मला म्हणायचे, मास्तरांचं नशीब बघ, त्यांच्या दारात लेक उतरते. आपल्याला मुलगी नाही. आपल्याकडे सगळं गाव जेवायला येतं, पण माहेरी म्हणून कोणी येत नाही. फार हेवा वाटायचा हो त्यांना तुमचा.”

बोलण्यासारखे एवढ्या वर्षांत जे साठवले होते त्यातले काहीच कामाचे उरले नव्हते. तोपर्यंत वत्सला गाडीतून उतरली. अंगण ओलांडून पायरीपर्यंत नीट चालत आली. पायरीशी आली आणि विहीणबाईंच्या गळ्यात पडून रडू लागली, मुली माहेरी आल्यावर रडतात तशी, मोठ्याने, कोण बघते याची पर्वा न करता. माझ्या दारात ती इतकी वर्षे उतरत होती. अशी कधी रडली नव्हती. मला पुन्हा हेवा वाटला. पण तो आता सांगायचा कोणाला?

टोपलीला जागा नव्हती. चांगूने गाडगे थोडे सरकवले, तेवढ्या जागेत मी पायरीवर बसलो आणि टोपली मांडीवर घेतली. वरचे फडके बाजूला केले, एक चकली काढली आणि मोडली. ती चांगली वाजली. माणसे वळून बघू लागली. आवाज माझाच होता. तो आपला आहे असे सांगायला शेजारी व्याही नव्हते.